बाहेरची कडी

जयगड,
८ डिसेंबर २०२४

सानिका,

आशीर्वाद आधी घे. पुढचं रागाने वाचलंस तरी चालेल, मीही रागातच लिहायला बसले आहे.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र धाडते, असं समजू नकोस. उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं. माजघरात कुजबुजलेलं पडवीत ऐकू जातं हे तुला ठाऊक आहे, आणि नितेशचे कान हल्ली इतके तिखट झालेत की विहिरीवर कळशी जरा जोरात टेकली तरी तो उठून उभा राहतो. बायको निघून गेली म्हणून त्याच्या देखत रडगाणं गायचं का मी? कागदाला आवाज नसतो. तुझे सासरे जहाजावर असायचे तेव्हा मी कुठल्या कुठल्या बंदरांत पत्रं धाडली आहेत. सातवी शिकल्याचा तेवढाच उपयोग झाला.

नितेश बरा आहे. बारा आणे तरी बरा म्हणायला हरकत नाही. सकाळी अनशापोटी ब्राह्मीचा रस देते. वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला आपण लावलेली ब्राह्मी चांगली पसरली आहे, तू गेल्यावर उलट जास्तच. धाकू भावजींनी अश्वगंधेचं चूर्ण आणून दिलं, ते दुधातून. संध्याकाळी काशाच्या वाटीने तळपाय घासते. ते काम तुझं होतं आणि तुझ्या हाताला ते जमायचं, माझे गुडघे कुरकुरतात. निजताना सहाणेवर जायफळ उगाळून देते. आपल्याच वाडीतलं जायफळ, बाजारातलं पोखरलेलं नव्हे. वाडीतल्या बायका बाळंतिणीला काय द्यायचं ते मला विचारून देतात, आणि माझ्या सुनेला माझ्या औषधांचा भरवसा नाही.

पोरगा जूनमध्ये परत आला तो कसा, हे तू पाहिलंस. इंजिन रूममध्ये अपघात झाला, संगमेश्वरकडचा ओमकार म्हणून त्याच्याबरोबरचा मुलगा गेला, आणि कंपनीने ह्याला विमानात बसवून घरी पाठवलं. 'अपघात' ह्या शब्दापलीकडे तो तुझ्याशी बोलला नाही आणि माझ्याशीही नाही. झोपेत घामाने भिजायचा, ताट अर्ध्यावर सोडून उठायचा, दाराला पाठ लावून उभा राहायचा तो उभाच. ह्याला भय धरलं आहे. भय बसतं तसं उठतंही, फक्त त्याला उठवावं लागतं. तू म्हणालीस, मनाच्या डॉक्टरकडे नेऊ. अगो, रत्नागिरीत मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना वेड्यांच्या इस्पितळाचं ते एकच मोठं आवार आठवतं. ते नाव एकदा चिकटलं की जहाजाच्या मेडिकलमध्ये तो पास व्हायचा नाही, आणि गावात त्याला कोणी त्याच्या नावाने हाक मारायचं नाही.

आता धुरीचं. आपल्या घरातला पुरुष जहाजावरून आला की त्याला तिन्हीसांजेला धुरी द्यायची, ही सासूबाईंपासूनची रीत. माजघराच्या खिडक्या लावायच्या, खापरात निखारे घेऊन त्यावर वेखंड, ओवा, लसणीची सालं, कडुनिंबाचा पाला टाकायचा, आणि निखारे विझेपर्यंत दार उघडायचं नाही. दर्यावरचं जे काही अंगाला चिकटून आलं असेल ते धुरात सुटतं, मध्येच दार उघडलं की परत बसतं. तुझे सासरे आत बसून खोकायचे, मला शिव्या द्यायचे, आणि बाहेर आले की चार भाकऱ्या खायचे. नितेशला एका धुरीने गुण आला नाही म्हणून मी रोज सुरू केली. त्याला त्रास होत होता, तो मला दिसत नव्हता का? भय निघताना त्रास देणारच.

तू मध्येच दार उघडलंस. त्याने ते लोटलं आणि तुझा हात सापडला. त्याने तुला मारलं नाही, सानिका. हात मुरगळला असेल, लेप लावलास तर बरा होईल. लोकांना मी सांगितलंय की तू न्हाणीत घसरलीस आणि रत्नागिरीला भावाकडे आराम करते आहेस. हे खोटं फार दिवस टिकायचं नाही, तेव्हा लवकर ये.

तुझी सासू,
मथुरा


जयगड,
२९ डिसेंबर २०२४

सानिका,

तुझ्या चार ओळी पोचल्या. मेडिकलच्या दुकानात कामाला असलं की बिलाच्या पाठीवरच लिहावं लागतं वाटतं, कोरा कागद मिळत नसेल. 'हात मोडला आहे, प्लास्टर घातलंय. ह्यांना घेऊन या, मी एका डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे. तोवर धुरी बंद करा.' सासूला लिहायची ही पद्धत मला माझ्या आईने शिकवली नव्हती.

हात मोडला हे वाचून मात्र मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या दिवशी तू रडली नाहीस, म्हणून मला वाटलं मुरगळला असेल.

घेऊन या म्हणतेस, पण कसं, ते कुठे लिहिलंस? तो पडवीच्या पायरीखाली उतरत नाही. धक्क्यावर जायचं नाव नाही. दाढी वाढवली आहे, ती त्याला शोभत नाही. हल्ली झोपतो मात्र. जायफळ थोडं वाढवलं, मग आणखी थोडं वाढवलं. दुपारीही पडून असतो. डोळे लाल दिसतात, तोंड कोरडं पडतं, परवा मला म्हणाला, "आये, त्या कोपऱ्यात कोण उभं हाय?" कोणी नव्हतं. पण झोप ती झोप, जूनपासून नव्हती ती आली, हे तू मान्य कर.

आता हसायचं असेल तर हस. तो बाहेर का दिसत नाही असं लोक विचारायला लागले, तेव्हा मी सांगून टाकलं की त्याला कावीळ झाली आहे. मला काय माहीत, सगळं गाव काविळीचं औषध घेऊन दारात उभं राहील. कोणी मुळ्याचा रस आणला, कोणी उसाची कांडी. धाकू भावजी तर काविळीची मुळ्यांची माळ घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवून गेले. कावीळ उतरली की ती माळ लांबत लांबत गळ्याखाली येते म्हणतात. ह्याची कशाला लांबेल? म्हणून ते रोज येऊन माळ बघतात आणि मान हलवतात. कावीळवाल्याच्या घरात मासे शिजवायची सोय नाही, दोन घरं सोडून वास जातो. खाडीच्या काठावर राहून मी पंधरा दिवस भाजीभात गिळते आहे.

बाजाराला जाता येत नाही, कारण त्याला एकटं ठेवता येत नाही. कोणाला बसवून जावं तर नितेश खरं बोलून टाकेल ही भीती. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, गेले नाही. दुपारी कधी कधी वाटतं, जहाजावरून हा एकटाच परत आला नाही, जहाजच घेऊन आला आहे, आणि मी त्यात चढून बसले आहे.

धुरी मी बंद केलेली नाही. आता तुझ्यासारखं कोणी मध्येच दार उघडू नये म्हणून बाहेरून कडी लावते. वाईट वाटून घेऊ नकोस. निखारे विझेपर्यंतच. मी तिथेच बाहेर दाराला टेकून बसते, तो आतून टेकून उभा असतो, फळीतून मला ते कळतं. आत काहीतरी पुटपुटत असतो. रामनाम घेत असेल, माझ्या सासऱ्यांना ती सवय होती. संपलं की मी कडी काढते आणि तो माझ्याकडे न बघता पडवीत जाऊन पडतो.

प्लास्टर निघालं की ये. त्याआधी आलीस तरी भाकऱ्या मीच भाजेन.

मथुरा


जयगड,
१९ जानेवारी २०२५

सानिका,

हे पत्र तू बसून वाच.

काल मालगुंडचा दीपक आला होता. नितेशबरोबर त्याच जहाजावर होता. सुट्टीवर आला म्हणून मित्राला बघायला आला, फोन न करता. तिन्हीसांजेची वेळ, मी नुकती धुरी देऊन कडी लावली होती. त्याला पडवीत बसवून चहा दिला. म्हटलं, नितेश आत आहे, येईल एवढ्यात. तो चहा पिता पिता दाराकडे बघायला लागला. फटीतून थोडा धूर येतोच.

"काकी, आत काय जळतंय?"

"काय जळत नाय रे. नितेश धुरी घेतोय."

"आणि कडी बाहेरून?"

मी उत्तर द्यायच्या आधी तो उठला होता. कप खाली पडला. त्याने कडी काढली आणि दार ढकललं, ते हलेना. आत नितेश पाठ लावून उभा होता आणि नेहमीचं पुटपुटणं चालू होतं. दीपकने दाराला कान लावला. मग मागे सरकला, सरळ उभा राहिला आणि मोठ्या आवाजात, पण रागावल्यासारखं नाही, म्हणाला, "नितेश, आग विझली हाय. दार उघड. ऑर्डर हाय."

आतलं पुटपुटणं थांबलं. मग दार आतून उघडलं.

सानिका, मी इतके दिवस त्याला हाका मारल्या, लाडाने मारल्या, रागाने मारल्या, तुझ्या सासऱ्यांची शपथ घातली. त्याला हवी होती ती एवढीच हाक होती, आणि ती मला कुठून ठाऊक असणार? तो बाहेर आला आणि दीपकच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. त्याच्या डोक्यावरची ती माळ दीपकच्या शर्टाच्या गुंडीत अडकली.

नंतर दीपकने मला वाडीत नेऊन सांगितलं. तो सांगत होता आणि जायफळीच्या खोडाची साल नखाने काढत होता. जहाजाच्या पोटात आग लागली होती. ज्वाळा कमी आणि धूरच फार, स्वतःचा हात दिसत नव्हता. दार बंद केलं नाही तर सगळं जहाज पेटेल, म्हणून ऑर्डर झाली, दार लाव. दाराच्या सगळ्यात जवळ नितेश होता. ओमकार मागून येत होता, फार मागे नव्हता. दार लागता लागता त्याचा हात फटीत आला. नितेशने तो हात आत ढकलला आणि दार लावलं. तीच शिकवण असते त्यांची, आणि त्यामुळेच बाकीचे वाचले. मग आतून दारावर थापा पडायला लागल्या. नितेश दाराला पाठ लावून उभा राहिला.

"थापा थांबेपर्यंत तो हलला नाय, काकी. दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून उभा होता, का कोणी येऊन आपल्याला बाजूला ढकलावं म्हणून, ते मला अजून कळलं नाय."

आत जे पुटपुटतो ते रामनाम नाही, हेही त्याने सांगितलं. 'दार लाव, दार लाव,' एवढंच म्हणत असतो.

म्हणजे मी काय करत होते ते तुला कळलं. माझ्या पोराला त्या खोलीतून ज्यांनी बाहेर काढलं, त्यांच्या हातून घेऊन मी रोज तिन्हीसांजेला परत त्याच खोलीत घालत होते. धूर करत होते, दार लावत होते, आणि त्याला आणखी गुण यावा म्हणून निखारे वाढवत होते. वर आम्ही दोघं फळीच्या दोन बाजूंना टेकून बसत होतो, आणि मला वाटत होतं, मी त्याला सोबत करते आहे.

आणि तुझा हात. धुरात दार उघडलं आणि फटीत एक हात आला. तो तुझा आहे हे त्याला दिसलंच नसेल. मला त्याची बाजू घ्यायची नाही, हाड तुझं मोडलं आहे. पण तू बंद कर म्हणालीस तेव्हा तुझं ऐकलं असतं, तर तुझा हात मोडल्यानंतरच्या ह्या सगळ्या संध्याकाळी तरी टळल्या असत्या. मला फार लाज वाटते आहे. ती लाज घेऊन बसायला मात्र वेळ नाही, म्हणून विचारते, त्या डॉक्टरीणबाई अजून त्याला बघतील का?

खापर मी उकिरड्यावर फोडलं. वेखंडाचा डबा ठेवला आहे, वेखंडाचा त्यात काही दोष नाही.

मथुरा


जयगड,
९ फेब्रुवारी २०२५

सानिका,

ह्या वेळी कोरा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. दोनदा वाचला.

मी सांगितलेल्या सगळ्या मुळ्या-चूर्णांची नावं घेऊन तू बाईंकडे गेलीस, आणि त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, हे वाचून बरं वाटलं. मी तयारी करून बसले होते की त्या सगळंच फेकून द्या म्हणतील. जायफळ त्याच दिवशी बंद केलं. ते फार झालं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं आणि नसलेली माणसं दिसतात, असं त्या म्हणाल्या. म्हणजे त्या कोपऱ्यात जो कोणी उभा होता त्याला मीच सहाणेवर उगाळून नितेशला पाजत होते. अश्वगंधा आणि ब्राह्मीचा रस थांबवला, गोळ्या ठरल्यावर त्यांनाच विचारेन. ब्राह्मीचं तेल डोक्याला चालेल आणि तळपाय हवे तेवढे घासा, एवढी परवानगी आहे. माझ्या गुडघ्यांची परवानगी कोणी काढायची, ते त्यांना विचारायचं राहिलं वाटतं तुझ्याकडून.

सदू सुताराला बोलावून माजघराची कडी काढून घेतली. मग म्हटलं, न्हाणीची काढ, आणि पुढच्या दाराचीही. त्याने विचारलं, "काकी, चोर इलो तर?" हा सदू मूळचा सावंतवाडीचा, अजून तसंच बोलतो. म्हटलं, येऊ दे, भाजीभात खाऊन जाईल. नितेश पडवीत बसून हे बघत होता. सदू गेल्यावर उठला आणि कडी होती त्या जागी, लाकडात राहिलेल्या भोकांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आये, त्याचा हात गरम होता."

पुढे स्वतःच म्हणाला, "मी ढकलला तो." म्हटलं, "दीपकने सांगितलं मला." तर म्हणाला, "सानिकाला म्हायती हाय?" मी हो म्हटलं. तुझ्या वतीने सांगून टाकलं, चुकलं असेल तर सांग. त्यानंतर तो वाडीत पाटाच्या काठावर जाऊन बसला. पडवीच्या पायरीखाली इतक्या महिन्यांनी उतरला, आणि मी आत येऊन उगीच पिठाचे डबे पुसत बसले.

धाकू भावजींना खरं सांगितलं. म्हटलं, कावीळ नव्हती, जहाजावर आग लागली होती, त्याचं भय मनात बसलं आहे, आता डॉक्टरला दाखवणार. वाटलं, आता उठून गावभर करतील. म्हणाले, "मग ती माळ दे परत, वैनी. तळीकडल्या घरातल्या बायला खरी कावीळ झाली हाय." गावभर झालं ते झालंच, पण लोक दोन दिवस बोलले आणि तिसऱ्या दिवशी एक जण बांगडे देऊन गेला. एवढ्यासाठी मी दोन महिने घरात कोंडून घेतलं होतं.

आता वाईट सांगते. तू ठरवून दिलेल्या तारखेला आम्ही सकाळच्या एसटीला गेलो. तो चढला, मीही चढले. कंडक्टरने दार ओढलं, खटका लागला, घंटा मारली. नितेशचा चेहरा राखेसारखा झाला. पुढच्या थांब्याला तो उतरला, मी मागे धावले, आणि आम्ही दोघं चालत घरी आलो. गाडी करून तू स्वतः न्यायला येतेस, असं लिहिलंयस. येऊ नकोस. तुझा हात बघितला की तो काय करेल ते मला सांगता येत नाही, आणि तुला परत इथल्या दारात उभं करायची माझी हिंमत नाही. आधी तुला 'ये, ये' म्हणून भंडावलं, ते सगळं मागे घेते.

पण फार दिवसही नाहीत. वरच्या वाडीत भाजावळ सुरू झाली आहे. तुला आठवत असेल, भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. मार्च लागला की खाडीच्या दोन्ही काठांवर धूरच धूर. लोकांना मी काय सांगू, शेती करू नका? पहिला धूर आला तेव्हा तो पंचा ओला करून तोंडावर धरून ब्राह्मीत बसला होता, पाण्यात पाय सोडून. आणि त्यामागून शिमगा. होळी ह्याच्या खिडकीसमोर लागते.

मथुरा


जयगड,
१ मार्च २०२५

सानिका,

मुंबईचे लोक यायला सुरुवात झाली आहे. शिमग्याला पालखी घरी यायची म्हणून बंद घरं उघडतात, सारवतात, पाखाडीच्या पायऱ्यांवर नुसती बॅगांची ये-जा. वर्षभर न दिसणारी पोरं आयांच्या हातचं खायला आली आहेत, आणि माझं एकटंच बाहेर निघालं आहे.

काल देवळात गेले होते. दर वर्षी मी एकच गाऱ्हाणं घालते, घरातल्या पुरुषाचं जहाज सुखरूप आण. ह्या वर्षी गुरवाने विचारलं, "काय सांगू देवाला, काकी?" मी म्हटलं, "एसटीचं दार लागू दे, एवढंच सांग." त्याने माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं तसंच.

मी बरोबर येते म्हटलं, तर नितेश म्हणाला, "आये, तू नको. तू असलीस की मी उतरेन. मला म्हायती असतंय, घरी न्यायला कोण तरी हाय." ह्यावर मला राग यायला हवा होता, आला नाही. दाराजवळच्या सीटवर बसेन म्हणाला, खिडकी उघडी ठेवेन. कंडक्टरला मी सांगू का विचारलं, तर नको म्हणाला. दाढी केली आहे. गालावर कापून घेतलंय, ते बघून घाबरू नकोस.

पिशवीत काशाची वाटी आहे, आणि तेलाची बाटली. ती तुझ्यासाठी नव्हे, त्याला स्वतःचे पाय स्वतः घासायला सांगितलं आहे. तुझा हात अजून दुखत असेल, आणि नसला दुखत तरी ते काम आता तुझं आहे असं मी म्हणणार नाही. ओल्या फडक्यात ब्राह्मी बांधली आहे, मुळांसकट. तुझ्या भावाच्या नळाखाली फुटकी बादली असेल तर तिच्यात लाव. खायला नाही, बघायला. त्याला तिच्याजवळ बसायची सवय झाली आहे. जायफळ दिलेलं नाही.

भावाच्या सोसायटीत एक खोली भाड्याने बघून ठेवलीस, आठवड्याला बाईंकडे तू घेऊन जाशील, पण त्याच्याबरोबर राहायचं की नाही ते तू अजून ठरवलेलं नाहीस. हे तू स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. मी त्याला तसंच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर हाय." बायको म्हणून दार उघडायचं नसेल तर ओळखीची म्हणून उघड. उघडल्यावर लगेच लावू मात्र नकोस, तो आत येऊन बसेपर्यंत राहू दे.

बरं झालं नाही तर मी तुला दोष देणार नाही. आणि बरं झालं तर तो परत जहाजावर जाईल की काय, ही भीती आत्तापासूनच माझ्या मनात येऊन बसली आहे. आईचं मन असं नालायक असतं, त्याला तुमच्या त्या बाईंकडे काही गोळी असेल तर विचार.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात घालते आणि सांगते, सानिकाच्याच हातात द्यायचं. गाडी सुटेपर्यंत मी थांब्यावर उभी राहीन. मग घरी येईन आणि अंधार पडेपर्यंत पाखाडीकडे बघत बसेन, मागच्यासारखा चालत येतो का म्हणून. दार उघडं राहील. तसंही आता त्याला लावायला काही नाही.

तू हे वाचते आहेस, म्हणजे तो पोचला. एसटीचं दार लागलं आणि तो बसून राहिला. असं असेल तर मला फोन कर, सानिका. मी उचलेन आणि मोठ्याने बोलेन. घरात ऐकणारं आता कोणी नाही.

मथुरा